आणि तीन मुली

आमचं काम नावं सांगायचं.
बाप बैलावरून यायचा, दारात उभा राहून
बाराव्या पिढीपासून खाली उतरायचा,
पायलीभर ज्वारी, नवं बारसं वहीत, पुढचं दार.
माझ्याकडं बैल नाही. एसटीचा पास आहे.
वही तीच.

जालन्यात, जुन्या छावणीच्या कबरस्तानात
एलीशा भालेराव पहाऱ्याला असतो. हाक मारली त्यानं:
"हेळवी, लोकांची कुळं वाचता, हे एक बघा की."
लिंबाच्या मुळीनं उचललेला दगड,
वर हरणाचं शिंग, झुडपाची एक डहाळी,
बाकी अक्षरं पावसानं नेलेली.

त्याच्या हातात कागद होता.
मागच्या थंडीत एक म्हातारी आली होती स्कॉटलंडवरून,
दगडाला टेकून बसली, डब्यातलं बिस्किट खाल्लं,
कागद ठेवून गेली. या माणसाची खापरपणती.
एलीशा मिशनच्या शाळेतला, त्यानं मराठीत सांगितलं,
मी कूळ लावत गेलो.

नाव अलास्डेर. ठाव आर्डव्हेनची दरी.
क्लॅनचा पुढारी, एकोणिसावा.
"क्लॅन म्हणजे?"
"एका नावाचे सगळे."
भावकी, मी लिहिलं.
देवक: हेदरचं झुडूप, लढाईला जाताना टोपीत खोचायचं.
आपल्याकडं कळंब, तसं.
अंगावर लोकरीचं पांघरूण, पट्ट्यापट्ट्यांचं,
पट्टे बघून कूळ कळावं.
सटवाजी धनगराच्या घोंगडीचा काठ बघून
विणणारं घर मीही सांगतो.

आई, बापाची दुसरी.
थोरला भाऊ गोठलेल्या तळ्यावर चालला, तळं फुटलं,
म्हणून पागोटं याच्या डोक्यावर आलं.
बायको एल्स्पेथ, पेढीवाल्याची लेक,
आठ बाळंतपणं, पाच जगली:
इयन, डंकन, आणि तीन मुली.

"मुलींची नावं?"
"नाहीत. असंच लिहिलंय, आणि तीन मुली."
मी काय बोलणार?
माझ्या वहीत बारा पिढ्यांत एक लेक नाही.

पुढं एलीशानं चष्मा पुसला.
समासात पेन्सिलनं लिहिलेलं होतं, म्हातारीच्या हातचं.
शहरातलं घर, झुंबरं, पत्त्यांचा डाव.
पुढाऱ्यानं दरी मेंढ्यांना दिली.
मेंढी खंड देते, भावकी नुसता मुजरा.
एका वैशाखात सत्तर उंबऱ्यांची छप्परं पेटवली,
आणि म्हातारी माणसं धुरातून बाहेर येताना
त्याचंच नाव घेऊन ओरडत होती:
त्याला कळवा रे कुणी,
त्याला हे ठाऊक नसणार.

तरी देणं फिटलं नाही.
निजामाच्या फौजेत कर्नल होऊन इथं आला.
दुसऱ्याच वर्षी पटकी. एका रात्रीत.
खड्डा खणायला जो शिपाई लावला
तो त्याच दरीतला, त्याच नावाचा.
सहा फूट सांगितलं होतं.
त्यानं सात खणलं.

एलीशा गप्प. मीही.
आमच्यात रीत आहे, ज्यानं भावकी उठवली
त्याचं नाव दारात म्हणायचं नाही.
पण वहीतून खोडायचंही नाही.
मग मी काय करावं?
"म्हातारीचं नाव काय होतं?"
"मॉराग."
शेवटच्या पानावर लिहिलं. मॉराग.
माझ्या बापाच्या वहीतलं पहिलं बाईचं नाव,
तेही कुठल्या कुठल्या गावाचं.
खाली तीन ओळी कोऱ्या ठेवल्या.

तोवर पडक्या भिंतीतून सटवाजीच्या मेंढ्या आत आल्या होत्या.
कर्नलच्या उशाशी गवत चांगलं येतं.
एक मेंढी दगडावरच चढली, शिंगावर खूर ठेवून
सावकाश चघळत राहिली.
एलीशानं हाकलायला खडा उचलला.
बराच वेळ हातात धरला.
मग खिशात टाकला, आणि म्हणाला,
चला, चहा घेऊ.